जग खरे की भास? : डी. व्ही. गुंडप्पा यांचे जीवन

डोळ्यांना दिसणारे आणि हाताला लागणारे हे जग खरोखरच आहे काय? की तो केवळ आपल्या मनाचा खेळ आहे? हा प्रश्न प्रथम ऐकणाऱ्याला विचित्र वाटतो. समोरचे झाड, पायाखालची जमीन, घरातील माणसे यांच्या अस्तित्वाविषयी शंका घेण्याचे आपल्याला काही कारण दिसत नाही. परंतु स्वप्नातही झाड दिसते, जमीन लागते आणि माणसे बोलतात. स्वप्न चालू असते तोवर ते खरेच वाटते. मग जागेपणी जे दिसते ते खरे कशावरून? जगातील अनेक विचारवंतांनी या प्रश्नाचा शोध घेतला आहे. बेंगळुरू शहरात दीर्घकाळ राहिलेले कन्नड कवी, पत्रकार आणि तत्त्वचिंतक डी. व्ही. गुंडप्पा हे त्यांपैकी एक होत. कर्नाटकात ते ‘डीव्हीजी’ या आद्याक्षरांनीच ओळखले जातात. त्यांच्या विचारात या प्रश्नाइतकेच महत्त्व आणखी एका प्रश्नाला होते. जग खरे आहे की नाही हे ठरेपर्यंत माणसाने जगायचे कसे? या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या ग्रंथांत आहे, तसेच ते त्यांच्या आयुष्यातही आहे.

बालपण आणि शिक्षण

गुंडप्पांचा जन्म १७ मार्च १८८७ रोजी कोलार जिल्ह्यातील मुळबागल या गावी झाला. त्यांचे पूर्ण नाव देवनहळ्ळी वेंकटरमणय्या गुंडप्पा. वडिलांचे नाव वेंकटरमणय्या व आईचे नाव अलमेलम्मा. तेव्हा हा भाग म्हैसूर संस्थानात होता. घरची स्थिती बेताची होती, पण घरात धार्मिक आचार आणि विद्येविषयी आदर होता. कन्नडबरोबरच संस्कृत व इंग्रजी या भाषांची गोडी त्यांना लहानपणीच लागली.

शालेय शिक्षणाचा मार्ग मात्र फार पुढे गेला नाही. मॅट्रिकची परीक्षा ते उत्तीर्ण होऊ शकले नाहीत आणि महाविद्यालयाचे दार त्यांच्यासाठी बंद झाले. पोटासाठी त्यांनी मिळतील ती किरकोळ कामे केली आणि अखेर बेंगळुरू गाठले. परीक्षेतील अपयश म्हणजे शिक्षणाचा शेवट, असे त्यांनी मानले नाही. ग्रंथ मिळवून ते स्वतः वाचत राहिले. हानगल विरूपाक्ष शास्त्री यांच्यासारख्या विद्वानांच्या सहवासात त्यांनी संस्कृत आणि वेदान्ताचा अभ्यास केला. इंग्रजी ग्रंथांतून त्यांनी पाश्चात्त्य तत्त्वज्ञान आणि राज्यशास्त्र समजून घेतले. ज्यांना मॅट्रिकचे प्रमाणपत्र मिळाले नव्हते, त्याच गुंडप्पांना १९६१ साली म्हैसूर विद्यापीठाने डी. लिट्. ही सन्माननीय पदवी दिली. औपचारिक शाळेबाहेर राहूनही माणूस किती शिकू शकतो, याचे हे बोलके उदाहरण आहे.

पत्रकार गुंडप्पा

बेंगळुरूमध्ये गुंडप्पांनी पत्रकारितेचा व्यवसाय पत्करला. निरनिराळ्या कन्नड पत्रांत काम केल्यावर त्यांनी स्वतःची पत्रे काढली. त्यांपैकी ‘कर्नाटक’ हे इंग्रजी पत्र विशेष गाजले. ते १९२१ सालापर्यंत चालले. संस्थानी राज्यात पत्र चालवणे सोपे नव्हते. राज्यकारभारावर टीका करायची तर सरकारचा रोष पत्करावा लागे. स्तुती करायची तर लोकांचा विश्वास गमवावा लागे. गुंडप्पांनी यांतील कोणतेही टोक स्वीकारले नाही. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १९१२ ते १९१८ या काळात म्हैसूरचे दिवाण होते. गुंडप्पांचा त्यांच्याशी दृढ स्नेह जडला. परंतु या स्नेहाचा उपयोग त्यांनी स्वतःच्या लाभासाठी केला नाही. सरकारी कामाबद्दल आलेले धनादेश त्यांनी वटवलेच नाहीत आणि ते त्यांच्या पेटीत तसेच पडून राहिले, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते.

पत्रकारितेतून ते सार्वजनिक जीवनात आले. बेंगळुरूच्या नगरपालिकेत त्यांनी काम केले. म्हैसूर संस्थानच्या विधान परिषदेचे ते अनेक वर्षे सदस्य होते. कन्नड साहित्य परिषदेचे कामही त्यांनी निष्ठेने केले आणि १९३२ साली मडिकेरी येथे भरलेल्या कन्नड साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवले. रस्ते, पाणी, शाळा, कर, निवडणूक हे त्यांच्या रोजच्या विचाराचे विषय होते. जगाच्या खरेपणाविषयी शंका घेणारा माणूस नगरपालिकेच्या प्रश्नांत एवढे लक्ष कसे घालू शकतो, असे आपल्याला वाटेल. हे समजून घेण्यासाठी त्या शंकेचा इतिहास थोडक्यात पाहावा लागेल.

एक जुनी शंका

भारतात ही शंका फार प्राचीन आहे. बौद्ध धर्मातील विज्ञानवादी पंथाने असे मांडले, की आपल्याला प्रत्यक्षात केवळ स्वतःच्या जाणिवेचाच अनुभव येतो. जाणिवेबाहेर वस्तू आहे असे मानण्यास पुरावा नाही. अद्वैत परंपरेतील गौडपादांनी जागृती आणि स्वप्न यांची तुलना करून दोन्हींतील साम्य दाखवले. त्यानंतर आद्य शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रांवरील भाष्यात विज्ञानवादाला उत्तर दिले. ज्या वस्तू सर्वांना बाहेर असल्याचे जाणवते, त्या बाहेर नाहीतच असे म्हणणे म्हणजे पोटभर जेवून आपण जेवलोच नाही असे म्हणण्यासारखे आहे, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय आहे. स्वप्नातील वस्तू जाग आल्यावर खोट्या ठरतात. जागेपणीच्या वस्तू तशा खोट्या ठरत नाहीत. म्हणून स्वप्न आणि जागृती एक मानता येत नाहीत.

तरीही शंकराचार्यांनी जगाला अंतिम सत्य मानले नाही. अद्वैत वेदान्तात सत्याच्या तीन पातळ्या सांगितल्या जातात. अंधुक उजेडात दोरीच्या जागी साप दिसतो. ही भासाची पातळी होय. दिवा आणल्यावर साप नाहीसा होतो आणि दोरी उरते. ही व्यवहाराची पातळी होय. ज्या एका तत्त्वाच्या आधारावर दोरी, दिवा आणि पाहणारा हे सर्व उभे आहे, ते ब्रह्म. ही परमार्थाची पातळी होय. जग मिथ्या आहे, या विधानाचा अर्थ जग मुळीच नाही असा होत नाही. ते दिसते तसे अखेरपर्यंत टिकत नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे. मराठी वाचकाला या संदर्भात ज्ञानेश्वरांच्या ‘अमृतानुभव’ या ग्रंथाची आठवण होईल. ज्ञानेश्वरांनी जगाकडे चैतन्याचा विलास म्हणून पाहिले आहे.

युरोपातही हा प्रश्न निराळ्या वाटेने पुढे आला. फ्रेंच तत्त्वज्ञ रने देकार्त यांनी १६४१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ज्यावर शंका घेता येईल त्या प्रत्येक गोष्टीवर शंका घेऊन पाहिली. एखादी कपटी शक्ती आपल्याला सतत फसवत असेल तर, अशी कल्पनाही त्यांनी केली. सर्व गोष्टींवर शंका घेतली तरी शंका घेणारा स्वतः असतोच, या निष्कर्षावर ते स्थिरावले. पुढे १७१० साली जॉर्ज बर्कली यांनी वस्तूचे असणे म्हणजे तिचे कोणाच्या तरी जाणिवेत असणे होय, असे मत मांडले. हे मत ऐकून इंग्रज लेखक सॅम्युएल जॉन्सन यांनी एका मोठ्या दगडाला लाथ मारली आणि मतच खोडून काढले असे मानले, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. पायाला लागलेला दगड खरा, हे सामान्य माणसाचे उत्तर आहे. पण लागण्याचा अनुभवही शेवटी जाणिवेतच असतो, असे तत्त्वज्ञ म्हणू शकतो. म्हणूनच हा वाद सहज मिटत नाही.

दुःख आणि काव्य

गुंडप्पांना हा वाद केवळ ग्रंथांतून कळला असे नाही. त्यांच्या पत्नी भागीरथम्मा यांचे अकाली निधन झाले. घरात लहान मुले होती. गुंडप्पांनी पुन्हा विवाह केला नाही. जग हा भास आहे असे म्हणून हे दुःख हलके झाले नसते. ज्या माणसावर आपण प्रेम केले ते माणूस स्वप्नासारखे नाहीसे होते, पण मागे राहिलेली वेदना मात्र स्वप्नासारखी जात नाही. मुलांना भूक लागते, त्यांना शाळेत पाठवावे लागते, घर चालवावे लागते. क्षणभंगुर जगातील कर्तव्ये खरी असतात, ही गोष्ट त्यांच्या आयुष्याने त्यांना शिकवली.

गुंडप्पांच्या मुलांपैकी बी. जी. एल. स्वामी पुढे नामवंत वनस्पतिशास्त्रज्ञ व कन्नड लेखक झाले. पित्याने जगाच्या मुळाशी काय आहे याचा विचार केला. पुत्राने जगातील झाडांची मुळे, खोडे आणि फुले सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. रानावनांतील झाडांविषयी त्यांनी लिहिलेल्या ‘हसुरु होन्नु’ या कन्नड पुस्तकाला १९७८ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

गुंडप्पांचे काव्यलेखन चालूच होते. ‘वसंत कुसुमांजली’ आणि ‘निवेदन’ हे त्यांचे आरंभीचे कवितासंग्रह होत. पुढे त्यांनी पर्शियन कवी उमर खय्याम यांच्या रुबाया ‘उमरन ओसगे’ या नावाने कन्नडमध्ये आणल्या. साधारण त्याच सुमारास मराठीत माधव जूलियन यांनीही खय्यामच्या रुबायांचे अनुवाद केले. आपण कोठून आलो, कोठे जाणार आणि मधल्या थोड्या काळाचे काय करायचे, हे खय्यामचे प्रश्न होते. गुंडप्पांनी ते प्रश्न मनापासून स्वीकारले. परंतु सारे अनिश्चित आहे म्हणून हाती आलेला क्षण उपभोगून घ्यावा, या उत्तरावर ते थांबले नाहीत. त्यांचे स्वतःचे उत्तर अजून यायचे होते.

मंकुतिम्म आणि त्याचे प्रश्न

ते उत्तर १९४३ साली ‘मंकुतिम्मन कग्ग’ या ग्रंथाच्या रूपाने आले. ‘मंकु’ म्हणजे मंद बुद्धीचा, ‘तिम्म’ हे खेड्यातील साध्या माणसाचे नाव आणि ‘कग्ग’ म्हणजे ओबडधोबड, किचकट बोलणे. मंद तिम्माचे वेडेवाकडे बोल, असे हे नम्र नाव आहे. ग्रंथात चार ओळींची ९४५ पद्ये आहेत. आपल्याकडे अभंगाच्या शेवटी जशी कवीची नाममुद्रा असते, तसे येथे पद्याच्या शेवटी मंकुतिम्माला उद्देशून संबोधन येते. येथे कवी दुसऱ्याला उपदेश करत नाही, तो स्वतःच्याच अडाणी मनाशी बोलतो.

ग्रंथाच्या आरंभीच प्रश्नांची मालिका आहे. जीवनाचा अर्थ काय, जगाचा अर्थ काय, जीव आणि जग यांचे नाते काय, जे दिसत नाही असे काही आहे काय आणि असेल तर ते जाणण्याचे प्रमाण कोणते, असे प्रश्न मंकुतिम्मासमोर उभे राहतात. देव, दैव, सृष्टी आणि मन यांविषयी कवी निःसंकोचपणे शंका घेतो. ज्याला आपण ज्ञान म्हणतो ते तरी कितपत भरवशाचे, असाही प्रश्न तो विचारतो. श्रद्धाळू कुटुंबात वाढलेल्या आणि वेदान्त शिकलेल्या माणसाने एवढ्या मोकळेपणाने शंका मांडावी, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. श्रद्धेला शंकेचे भय वाटू नये, अशी त्यांची भूमिका यातून दिसते.

मात्र कग्ग शंकेपाशी संपत नाही. बेंगळुरूच्या रस्त्यांवरून धावणारा टांगा, डोंगरपायथ्याचे गवत, अंगणातील मोगरा, जुने मूळ आणि नवा कोंब अशा परिचित प्रतिमांतून कवी जगण्याची रीत सांगतो. हाती आलेले काम लहान न मानता मन लावून करावे, संकटात दगडासारखे टिकावे, दुबळ्यांशी गोडीने वागावे, स्वतः हसावे व इतरांना हसवावे, अशी त्याची शिकवण आहे. जगाच्या मुळाशी काय आहे ते कदाचित कधीच पूर्ण कळणार नाही. पण शेजारी उपाशी आहे, हे कळण्यासाठी ते कळण्याची वाट पाहावी लागत नाही. भुकेल्या माणसाला भाकरीच लागते. भाकरी ही जाणिवेतील कल्पना आहे की बाहेरची वस्तू, या चर्चेने त्याचे पोट भरत नाही.

येथे सत्याच्या पातळ्यांची ती जुनी विभागणी उपयोगी पडते. अंतिम सत्याच्या दृष्टीने जग टिकाऊ नाही, हे ओळखले की लोभ आणि अहंकार सैल होतात. व्यवहाराच्या दृष्टीने जग खरे आहे, हे ओळखले की कर्तव्य टाळता येत नाही. जो माणूस जगाला मिथ्या म्हणून कर्तव्य सोडतो पण लोभ सोडत नाही, त्याने तत्त्वज्ञानाचा केवळ सोयीपुरता उपयोग केलेला असतो. गुंडप्पांनी याच्या नेमके उलट केले. पैसा, पद आणि मान यांना त्यांनी फार खरे मानले नाही. लोकांचे काम मात्र पूर्णपणे खरे मानले. पुढे भगवद्गीतेवरील आपल्या विवेचनालाही त्यांनी ‘जीवनधर्मयोग’ असे नाव दिले. जीवन जगणे हाच धर्म आणि तोच योग, असे हे नाव सुचवते. या ग्रंथाला १९६७ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

गोखल्यांच्या नावाची संस्था

गुंडप्पांच्या कार्याचा एक धागा महाराष्ट्राशी जोडलेला आहे. कोकणात जन्मलेले आणि पुण्याला कर्मभूमी मानणारे गोपाळ कृष्ण गोखले हे त्यांचे आदर्श होते. गोखल्यांनी १९०५ साली भारत सेवक समाजाची स्थापना केली. सार्वजनिक कार्याला आध्यात्मिक शुद्धतेची जोड हवी, हा विचार त्यांनी मांडला. हा विचार गुंडप्पांच्या मनात खोल रुजला. त्यांनी गोखल्यांचे चरित्र कन्नडमध्ये लिहिले आणि १९४५ साली बेंगळुरूमध्ये गोखल्यांच्या नावाने सार्वजनिक विषयांच्या अभ्यासाची संस्था सुरू केली. बसवनगुडी भागातील या संस्थेत ग्रंथालय उभे राहिले. राज्यघटना, निवडणूक, नागरिकांची कर्तव्ये यांबरोबरच गीता, उपनिषदे आणि काव्य या विषयांवरही तेथे व्याख्याने व चर्चा होऊ लागल्या. स्वातंत्र्य मिळणार होते. त्यासाठी जाणते नागरिक तयार व्हायला हवेत, ही त्यामागील दृष्टी होती. आयुष्याच्या उत्तरार्धात झालेल्या जाहीर सत्कारात त्यांना मोठी थैली अर्पण करण्यात आली. ती त्यांनी या संस्थेलाच देऊन टाकली.

त्यांचा आणखी एक मोठा ठेवा म्हणजे ‘ज्ञापक चित्रशाळे’ हा आठ भागांचा स्मृतिग्रंथ. आठवणींची चित्रशाळा, असा त्याचा अर्थ आहे. गुंडप्पांनी पाहिलेले दिवाण, वैदिक, साहित्यिक, गायक, कलावंत आणि कोठेही नाव न उरलेली साधी सज्जन माणसे त्यात भेटतात. त्यांचे बोलणे, त्यांच्या सवयी, त्यांचा विनोद आणि त्यांचे दारिद्र्य गुंडप्पांनी बारकाईने टिपले आहे. ज्याने जगाच्या खरेपणावर शंका घेतली, त्यानेच जगातील माणसांना विसरले जाऊ नये म्हणून एवढे कष्ट घेतले. माणसे कायमची राहत नाहीत, हे ठाऊक असल्यामुळेच त्यांचे मोल त्यांना अधिक वाटले असावे.

अखेरचा काळ आणि वारसा

भारत सरकारने १९७४ साली गुंडप्पांना पद्मभूषण हा किताब दिला. ७ ऑक्टोबर १९७५ रोजी बेंगळुरू येथे त्यांचे निधन झाले. तेव्हा ते ८८ वर्षांचे होते. त्यांच्या मागे राहिलेल्या पद्यांचा ‘मरुळ मुनियन कग्ग’ हा संग्रह नंतर प्रसिद्ध झाला. भारतीय टपाल खात्याने १९८८ साली त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. बसवनगुडीतील ब्यूगल रॉक या उद्यानात त्यांचा पुतळा आहे. कर्नाटकातील अनेक घरांत कग्गची पद्ये आजही पाठ म्हटली जातात. काही जण त्या ग्रंथाला कन्नडमधील गीता असेही म्हणतात.

जग खरे की भास, या प्रश्नाचे सर्वांना मान्य होईल असे उत्तर अजून मिळालेले नाही. गुंडप्पांनीही ते मिळाल्याचा दावा केला नाही. शंका घेणे हा बुद्धीचा हक्क आहे आणि समोर आलेले काम नीट करणे हे माणसाचे कर्तव्य आहे, हे त्यांच्या आयुष्यातून दिसते. यांपैकी एकासाठी दुसरे सोडावे लागत नाही. परीक्षेत नापास झालेला मुळबागलचा तो तरुण आयुष्यभर प्रश्न विचारत राहिला आणि प्रश्न विचारतानाच पत्र चालवत, संस्था उभारत, मुले वाढवत व माणसे जोडत राहिला. विचाराने माणूस निष्क्रिय होतो असे ज्यांना वाटते, त्यांनी गुंडप्पांचे जीवन अवश्य अभ्यासावे.